चार शनिवार आणि बटणांचा डबा

पहिल्या शनिवारी व्याख्यानाला निघालो, तर दारात पार्सल घेऊन मुलगा उभा. नाव सांगितलं, खोका हातात घेतला. आत काय आहे ते आठवेना. मोबाइल उघडून ऑर्डर बघितली असती तर कळलं असतं, पण उशीर होत होता. कपाटाच्या वरच्या फळीवर आधीचे सहा खोके न उघडता पडले होते, त्यांच्या शेजारी हा सातवा ठेवला आणि निघालो.

आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. झोप लागायची नाही. अंथरुणात पडल्या पडल्या अंगठा स्क्रीनवर फिरत राहायचा आणि रोज नाही, पण दोन-तीन दिवसांआड काहीतरी घेतलं जायचं. वस्तूची गरज नसायची. घेतलं की पुढचे दोन दिवस वाट बघायला काहीतरी असायचं, एवढंच. हे मला आता सांगता येतं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर ‘स्वस्तात मिळालं’ असं म्हणून मोकळा झालो असतो.

व्याख्यानमालेचा विषय होता धर्म आणि उपभोग. चार शनिवार, चार वक्ते, चार वेगळ्या परंपरांतले. मी फारसा धार्मिक माणूस नाही. एका मित्राने आग्रह केला आणि शनिवारची संध्याकाळ घरी काढवत नव्हती, म्हणून गेलो.

पहिले वक्ते ख्रिस्ती धर्मगुरू होते. बायबलमधली मन्नाची गोष्ट त्यांनी सांगितली. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटलेले लोक रानात भुकेले असतात आणि रोज पहाटे जमिनीवर खाण्याजोगं काहीतरी पडलेलं त्यांना सापडतं. आज्ञा अशी की ज्याने त्याने आपल्या घरापुरतं, त्या दिवसापुरतं गोळा करावं. काही जण उद्यासाठी ठेवून बघतात, तर सकाळी त्यात किडे पडलेले आणि घाण सुटलेली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचं, कारण सातवा दिवस विसाव्याचा. त्या दिवशीसाठी ठेवलेलं नासत नाही.

“ही माणसं पिढ्यान् पिढ्या गुलाम होती,” फादर म्हणाले. “उद्याची भीती त्यांच्या हाडात मुरलेली होती. साठवू नका ही आज्ञा त्यांना शिक्षा म्हणून दिलेली नाही. त्यांच्यातली भीती एकेक दिवसाने उतरावी म्हणून ती आहे.” आणि सातव्या दिवसाचा विसावा फक्त घरधन्यासाठी नव्हता. दास, दासी, बैल, गाढव, दारी आलेला परका, सगळ्यांना तो सांगितलेला आहे. आजच्या बाजारात असा दिवस कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. रात्री दोन वाजतासुद्धा दुकान उघडं असतं, आणि ते दुकान आपल्या उशाशी असतं. ‘उशाशी’ हा शब्द मला लागला.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली काढलेल्या परिपत्रकातला ‘फेकून देण्याची संस्कृती’ हा विचारही त्यांनी मांडला. वस्तू फेकायची सवय लागली की माणसंही फेकली जातात, म्हातारी माणसं, आजारी माणसं. पण मला खरा धक्का दिला तो शेवटी त्यांनी दिलेल्या कामाने. महिनाभर एक वही ठेवा, म्हणाले. काही घ्यावंसं वाटलं की तीन गोष्टी लिहा: काय हवंसं वाटलं, किती वाजता वाटलं, आणि त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय घडलं. घेऊ नका, असं मी म्हणत नाही. लिहून मग घ्या.

मी वही केली. पहिले तीन दिवस पहिला रकाना भरला आणि तिसरा कोरा राहिला, कारण आधीच्या पाच मिनिटांत काही घडलंच नव्हतं असं मला वाटायचं. चौथ्या रात्री लिहिलं: ‘हेडफोन. ११.४०. आईच्या नंबरवरून आलेले जुने मेसेज वाचले.’ पुढच्या दिवशी: ‘बूट. दुपारी ३. साहेब सगळ्यांसमोर बोलले.’ मग: ‘स्टीलची बाटली. ११.१५. बहिणीचा फोन वाजला, उचलला नाही.’ दहा-बारा ओळी झाल्यावर वाचून बघितलं. पहिला रकाना झाकला तर ती एका दुःखी माणसाची डायरी होती. वस्तूंचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

खरेदी थांबली असं नाही. त्या महिन्यात मी तीन वस्तू घेतल्याच. पण लिहायला उठावं लागायचं, दिवा लावावा लागायचा, पेन शोधावं लागायचं. तेवढ्या वेळात बऱ्याचदा हवंसं वाटणं ओसरून जायचं आणि मागे जे उरायचं त्याचं काय करायचं ते मला कळायचं नाही. तो त्रास मोठा होता. आधी वाटायचं, हे लोक काटकसर शिकवतील. त्यांनी मला माझ्या दुःखासमोर रिकाम्या हाताने बसवलं.

दुसऱ्या शनिवारी एक बौद्ध भिक्खू आले. आवाज इतका हळू की पहिल्या दहा मिनिटांत सगळे खुर्च्या पुढे ओढून बसले. त्यांनी विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, बुद्धाचा शिष्य आनंद याची गोष्ट सांगितली. कौशांबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरं दान दिली. राजाला राग आला. भिक्खूला एवढी वस्त्रं कशाला, दुकान थाटायचंय का? तो आनंदाकडे गेला आणि त्याने विचारलं, एवढ्या चीवरांचं करणार काय?

ज्यांची चीवरं विरली आहेत त्यांना वाटून देऊ.
मग त्यांच्या जुन्या चीवरांचं?
त्यांचे पलंगपोस करू.
जुन्या पलंगपोसांचं?
गाद्यांचे अभ्रे.
जुन्या अभ्र्यांचं?
जमिनीवर अंथरायला.
त्या जुन्या अंथरणांचं?
पायपुसणी.
जुन्या पायपुसण्यांचं?
धूळ झटकायची फडकी.
आणि ती फडकी फाटली की?
बारीक चिंध्या करू, चिखलात मळू आणि त्याने जमीन लिंपू.

सभागृहात कुणी हललं नाही. भंतेजींनी अंगावरच्या चीवराचं टोक हातात घेतलं आणि शिवणी दाखवल्या. भिक्खूचं चीवर तुकडे जोडून शिवतात. एकसंध नवं कापड मिळालं तरी ते आधी कापायचं आणि मग जोडायचं, असा नियम आहे. नीट बघितलं तर जोडांच्या त्या रेषा शेताच्या बांधांसारख्या दिसतात. भिक्खूने जवळ ठेवायच्या आठ वस्तूंत, म्हणजे आठ परिष्कारांत, तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, पाणी गाळायचं फडकं आणि सुई. “एवढ्या थोड्या वस्तूंत सुईला जागा आहे,” ते म्हणाले आणि थांबले.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. १९२४ साली जिनिव्हामध्ये बल्ब बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि बल्बचं आयुष्य एक हजार तासांवर आणायचं असं त्यांनी ठरवलं. त्याआधी दीड-दोन हजार तास जळणारे बल्ब मिळत. ठरल्यापेक्षा जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सदस्य कंपनीला दंड भरावा लागे. एकीकडे चिंधीलासुद्धा काम शोधणारा आनंद, दुसरीकडे चांगली चालणारी वस्तू लवकर मरावी म्हणून बुद्धी खर्च करणारे हुशार इंजिनिअर. भंतेजींनी कुणाला नावं ठेवली नाहीत. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि पाणी प्यायले.

घरी आल्यावर मी आईचा बटणांचा डबा काढला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकण कडेने गंजलेलं. शर्ट टाकून द्यायच्या आधी आई त्याची बटणं कापून घ्यायची. एका शर्टाची बटणं एका दोऱ्यात ओवून गाठ मारायची, म्हणजे संच मोडायचा नाही. अशा पंचवीस-तीस माळा त्या डब्यात होत्या. त्यातली एक पाहिल्याबरोबर ओळखली: निळसर, चार भोकांची, माझ्या शाळेच्या शर्टाची. लहानपणी या डब्याची मला लाज वाटायची. मित्राला नवा शर्ट मिळायचा आणि माझ्या शर्टाला नवी बटणं.

आठवडाभर खुर्चीवर पडलेल्या एका शर्टाचं वरून तिसरं बटण तुटलं होतं. तेवढ्यावरून मी नवा शर्ट घेणार होतो, वहीत तशी नोंदही होती. सुई घेतली. दोरा ओवायलाच पाच मिनिटं गेली. पहिल्यांदा गाठ सुटली, दुसऱ्यांदा बटण इतकं घट्ट बसलं की काजात जाईना. मग आठवलं, आई बटणाखाली आगपेटीची काडी ठेवून शिवायची आणि शेवटी काडी काढून दोऱ्याचे वेढे द्यायची. तसं केलं. वीस-पंचवीस मिनिटं लागली. शर्टाला आणखी सहा बटणं होती. बाह्यांची वेगळी. तीही कुणीतरी लावली होती. यंत्रावर लावली असतील, पण यंत्रासमोर माणूस असतोच. शर्टाच्या आतली पट्टी उलटून बघितली: मेड इन बांगलादेश.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली, बहुतेक कपडे शिवणारी. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद राहिली, वरच्या शिलाई कारखान्यांतल्या लोकांना मात्र कामावर बोलावलं गेलं. ही बातमी मी तेव्हा वाचली होती, हळहळलोही होतो आणि त्याच महिन्यात बहुधा शर्टही घेतला असेल. बातमी एका खणात आणि शर्ट दुसऱ्या खणात. त्या रात्री पहिल्यांदा दोन्ही एका खणात आले. माझा शर्ट तिथला होता असं मी म्हणत नाही, ते मला कळायला मार्ग नाही. पण त्या बटणामागे हात आहेत, हे माझ्या टोचलेल्या बोटाला कळलं.

तिसऱ्या शनिवारचे वक्ते साधू नव्हते. जैन श्रावक, म्हणजे घरसंसारात राहून धर्म पाळणारे, स्वतः व्यापारी. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, “मी माल विकतो. लोकांनी घेऊ नये असं म्हणायचा मला अधिकार नाही. माझ्या घरात काय चालतं तेवढं सांगतो.” श्रावकाच्या पाच अणुव्रतांतलं, म्हणजे छोट्या व्रतांतलं, शेवटचं परिग्रह-परिमाण, आपल्याजवळच्या वस्तूंना माप घालणं. जमीन, घर, सोनं, धान्य, जनावरं, भांडीकुंडी, प्रत्येकाची मर्यादा स्वतः ठरवायची आणि हाव सुटायच्या आधी ठरवायची. महावीरांच्या काळातल्या आनंद श्रावकाचं उदाहरण त्यांनी दिलं. तो अतोनात श्रीमंत होता. चार कोटी मुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. त्याने आहे ते फेकून दिलं नाही, आहे तिथे रेघ ओढली. अगदी अंग पुसायचं वस्त्र कोणतं, दात घासायची काडी कोणती इथपर्यंत ठरवलं. (दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारी दोन वेगवेगळे आनंद भेटले याची मला गंमत वाटली.)

“माझी पहिली मर्यादा मी इतकी वर ठेवली होती की ती दहा वर्षं मला टोचलीच नाही,” ते म्हणाले. “जी टोचत नाही तिला मर्यादा म्हणत नाहीत. मग खाली आणली.” हे ते कबुली दिल्यासारखे हळू बोलले. मला वाटतं, चारही शनिवारांतलं सगळ्यांत प्रामाणिक वाक्य हेच.

आणि मग त्यांनी तो शब्द उच्चारला. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात परिग्रहाची व्याख्या आहे, ‘मूर्च्छा परिग्रहः’. मूर्च्छा म्हणजे परिग्रह. वस्तू किती आहेत, हा नंतरचा प्रश्न. शास्त्रकार इथे मूर्च्छा म्हणतात ती आसक्तीला. माझ्या मराठी कानाला मात्र त्यात शुद्ध हरपणं ऐकू आलं. हातात खोका आहे आणि आत काय आहे ते आठवत नाही. दोन आठवड्यांपूर्वी दारात उभा असलेला मीच मला दिसलो. आजवर परिग्रह म्हटलं की मला भरलेली कोठारं दिसायची, लोभी सावकार दिसायचा. माझा काय संबंध, मी साधा नोकरदार. रात्री पावणेबाराला अंगठा फिरवणारा आणि सकाळी काय मागवलं ते विसरलेला माणूस, तोही त्याच व्याख्येत बसतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल. आई रोज सकाळी ईशावास्य म्हणायची, त्याच्या पहिल्याच मंत्रात त्यागून भोग घे, हाव धरू नको असं आहे. शब्द मला पाठ होते. पाठ असल्यामुळेच कानावरून गेले असावेत.

चौथ्या शनिवारी मुस्लिम प्राध्यापिका बोलल्या आणि नंतर चौघे मिळून प्रश्नोत्तरांना बसले. बाईंनी इस्राफ हा शब्द समजावला. हलाल, हक्काच्या गोष्टीतसुद्धा प्रमाणाबाहेर जाणं म्हणजे इस्राफ. खा, प्या, पण अतिरेक करू नका अशी कुराणाची आज्ञा आहे. आणि मग त्यांनी आपल्याच घराकडे बोट दाखवलं: रमजान हा भूक समजून घ्यायचा महिना, आणि त्याच महिन्यात बाजारहाट वाढतो. फादर लगेच म्हणाले, गोठ्यात जन्मलेल्या बाळाच्या सणाला आम्ही काय वेगळं करतो? मला हे फार आवडलं. कुणीही दुसऱ्याच्या धर्माला शिकवायला गेलं नाही.

पण त्या संध्याकाळचं मोल ठरवलं ते एका प्रश्नाने. माझ्या मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. चार घरची कामं करते, म्हणाल्या. “तुम्ही सगळे सोडा सोडा म्हणताय. माझ्याकडे सोडायला काय आहे? माझ्या मुलीला एकदा तरी नवे बूट मिळावेत, दुसऱ्याचे उतरलेले नकोत, असं मला वाटतं. ही हाव आहे का?”

क्षणभर कुणी बोललं नाही. माझी मान खाली गेली, कारण माझ्या वहीतही बूट होते.

प्राध्यापिका म्हणाल्या, “नाही ताई. ही हाव नाही.” मग जकातीचा नियम त्यांनी सांगितला. ज्याच्याकडे निसाबाएवढी, म्हणजे ठरलेल्या किमान मापाएवढी संपत्ती आहे आणि ती चांद्र वर्षभर टिकली आहे, त्याने तिचा अडीच टक्के भाग काढून द्यायचा. ज्याच्याकडे तेवढं नाही, त्याच्यावर जकात नाही. गरीब असेल तर उलट तो घ्यायचा हक्कदार. “धर्माने आधी रेघ ओढली आणि मग विचारलं, तू रेघेच्या वर आहेस का? जो खाली आहे त्याला त्यागाचं प्रवचन देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आज आमच्याकडून तो थोडा झाला. माफ करा.” श्रावक व्यापाऱ्यांनी हात जोडले. भंतेजींनी एवढंच म्हटलं की आनंदाच्या गोष्टीत पहिली ओळ वाटून देण्याची आहे, जुन्याचं काय करायचं ते नंतर येतं.

बाई बसल्या. त्यांचं समाधान झालं का, मला माहीत नाही. मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. बाजारावर टीका करणारी बरीच भाषणं मी आधी ऐकली होती, त्यांत गरज आणि हाव एकाच तागडीत टाकलेली असायची. इथे पहिल्यांदा कुणी तरी माप मधोमध ठेवलं. मी रेघेच्या कितीतरी वर होतो. कष्ट करून कमावलंय या सबबीखाली मी ते स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी सातही खोके खाली उतरवले. त्या पहिल्या शनिवारच्या खोक्यात टेबललॅम्प निघाला, माझ्या टेबलावर आहे तसाच, फक्त रंग वेगळा. दुसऱ्यात हेडफोन. पुढे दोन उशा, कसलीशी पिशवी, भिंतीवरचं घड्याळ. परत करायच्या मुदती केव्हाच टळल्या होत्या. बहिणीला फोन केला, यातलं तुला काय लागेल म्हणून. उशा आणि घड्याळ ती घेऊन गेली, आणि त्या निमित्ताने दोन तास बसली. बाकीचं ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्याकडे पोचवायला आणखी पंधरा दिवस गेले. घेताना एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

त्यानंतर मी माझी परिमाणाची यादी करायला बसलो. ती अजून पुरी झालेली नाही. शर्ट आठ, बूट दोन जोड, फोन एक, तो दुरुस्त होण्यापलीकडे जाईपर्यंत. रात्री दहानंतर काही मागवायचं नाही. आठ हा आकडा टोचेल असा आहे का, यावर दोन दिवस घालवले आणि सहावर आणला.

सगळ्यांत तळाचा खोका मी शेवटी उघडला. तो काय आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. शेवटच्या आठवड्यात आईचे पाय गार पडायचे म्हणून लोकरीचे मोजे मागवले होते. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी ते आले. खोक्याची चिकटपट्टी नखाने सोडवली, मोजे बाहेर काढले, हातात धरून बराच वेळ बसलो. रडायला आलं ते ती गेल्यापासून पहिल्यांदा.

ते मोजे कुणाला दिले नाहीत. यादीत त्यांची एक ओळ आहे.